पावणेतीन

इवामोतो आला होता कॉम्प्रेसर बसवायला,
मकरपुऱ्याच्या कारखान्यात, पाच महिन्यांसाठी.
बडोदं सोडताना म्हणाला, तुला काय पाठवू?
मी म्हणालो, कुस्ती.
त्याला वाटलं, सुमो.
मग गेस्टहाउसच्या पलंगावरून मी उडी मारून दाखवली,
कोपर पुढे काढून. पलंगाची पट्टी मोडली.
ती माझ्या पगारातून कापली गेली.

पहिलं पार्सल सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर. तीन टेपा.
लेबलं वाचता येईनात, म्हणून आपले आकडे टाकले:
ज-१, ज-२, ज-३.

व्हीसीआर दांडिया बाजारातल्या जयेशकडून,
रात्रीचे चाळीस रुपये.
वायरी जोडून तो दाराशी रेंगाळला:
"काका, आमां डायलॉग नथी?"
होता. एक माणूस सतत ओरडत होता,
मला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं.
त्यांची टेप, आपला टीव्ही, म्हणून रंग आलाच नाही,
आणि मधूनच अख्खं चित्र
जिन्यावरून सोडलेल्या पिंपासारखं घरंगळायचं.

वहीत सदरं आखली: टेप, मिनिटं, डाव, शेरा, आणे.
मार्क आण्यांत. चौदाच्या वर कुणाला नाही.
पैलवानांची नावं मीच ठेवली:
पट्टीवाला, रडव्या, दोरखंड,
आणि चुलत्या, कारण तो माझ्या चुलत्यासारखा
एक खांदा पाडून चालायचा.

"ज-७. पट्टीवाला आणि चुलत्या. एकवीस मिनिटं.
पहिली सहा फुकट. मग गुडघा धरला
तो शेवटपर्यंत सोडला नाही.
पब्लिक गप्प. इतकी माणसं इतकी गप्प
आपल्याकडे फक्त दहाव्याला बसतात. तेरा आणे."

खालच्या मजल्यावर म्हस्के वस्ताद.
चाळीस वर्षं तालमीची माती उकरलेली, कान भज्यांसारखे.
आवाज ऐकून एकदा वर आले,
चार मिनिटं उभ्यानं पाहिलं,
म्हणाले, नुरा आहे.
आणि बसले.

त्यानंतर दर शनिवारी.
नुरा आहे म्हणत माझी वही दुरुस्त करायचे:
ह्याला ढाक म्हणतोस? ढाक लागली
की माणूस ओरडायला शिल्लक राहत नाही.
पंचाचा हात तिसऱ्यांदा खाली यायचा
आणि अगदी टेकता टेकता खालचा खांदा सुटायचा.
मी लिहायचो: पावणेतीनला उठला.
ते खोडायचे. कुस्तीत पाऊणकी नसते रे,
पाठ लागली की लागली.

ज-१९.
चुलत्या आता थकलेला. रडव्यानं त्याला उचलून
डोक्यावरून मागं टाकलं.
मी आठ आणे लिहायला घेतले.
वस्ताद म्हणाले, मागं घे.
टेप किंचाळत मागं आली.
परत घे.
परत.
पाचव्यांदा उठून त्यांनी काचेवर बोट टेकवलं.
टाकणाऱ्याचा हात बघ. ह्याच्या मानेखाली.
पडद्यावर मुंग्या होत्या, त्यात मला हात दिसला की नाही
आजही शपथेवर सांगता येणार नाही.

"डभोईला, त्रेपन्न साली," ते म्हणाले,
"माझी कुस्ती खरी होती."
एवढंच.
गार झालेला चहा तसाच प्यायले,
कठडा धरून खाली गेले.
पुढच्या शनिवारी आले तेच ज-१९ मागत,
त्याच्या पुढच्याही.

ते गेले त्याला वीस वर्षं झाली.
टेपांना पांढरी बुरशी आली, निम्म्या फेकल्या.
उरलेल्या भाच्यानं कसल्याशा यंत्रात घालून
लॅपटॉपवर आणून दिल्या, रंगासकट.
चुलत्याची चड्डी पिवळी निघाली.
वस्तादांनी ती शेवटपर्यंत लाल धरली होती.

ज-१९ नेमकी तिथंच झिजली आहे.
माणूस वर जातो,
मग एक पांढरा पट्टा, खरखर,
मग तो उठून बसलेला असतो,
मान चोळत.